पंधरा हजार रेषा आणि एक कोन

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलचे जर्नल तपासताना एक उत्तर दर वर्षी हमखास भेटतं: सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी, २३२० अँगस्ट्रॉम. खाली दोन रेघा मारलेल्या, एकक नीट लिहिलेलं, आकडेमोडही बिनचूक. पण २३२० अँगस्ट्रॉमचा प्रकाश माणसाला दिसत नाही. तो खोल अतिनील पट्ट्यात येतो, आणि आपले डोळे साधारण ४००० च्या खाली काम करत नाहीत. मुलाने मात्र डार्करूममध्ये तासभर बसून स्वतःच्या डोळ्यांनी पिवळीधमक रेषा पाहिलेली असते, तिच्यावर क्रॉसवायर बसवलेली असते, व्हर्नियर वाचलेला असतो. डोळ्यांनी पिवळं पाहिलं आणि कागदावर न दिसणारं लिहिलं, आणि या दोन गोष्टी एकमेकींशी भांडत आहेत हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

चूक कुठे झाली ते शोधायला एक मिनिट लागतं. ग्रेटिंगच्या कडेला छापलेलं असतं, एका इंचात १५,००० रेषा. मुलाने ते एका सेंटिमीटरात धरलं. इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, तेवढ्या पटीने उत्तर घसरलं. ५८९३ चं २३२० झालं.

ग्रेटिंगमधून जाणाऱ्या प्रकाशाचा कोन काढणं हा विषय वरवर पाहता एका ओळीचा आहे. दोन शेजारच्या रेषांमधलं अंतर गुणिले कोनाचं साइन, बरोबर क्रम गुणिले तरंगलांबी. झालं. हे सूत्र पाठ नसलेला विज्ञानाचा विद्यार्थी जळगावात, धुळ्यात किंवा नंदुरबारात मला भेटलेला नाही. तरी कोन चुकतात, तरंगलांबी चुकते, आणि बरोबर आली तरी ती का बरोबर आली हे सांगता येत नाही. इतकी वर्षं हा प्रयोग शिकवल्यावर माझं मत असं झालं आहे की सूत्रात अडचण नाही. सूत्रात आपण काय भरतो, कुठून मोजतो आणि कोणत्या टोकाकडून प्रश्न सोडवायला घेतो, तिथे अडचण आहे. म्हणून हा सगळा प्रश्न एकदा मुळापासून मांडून पाहावा असं वाटलं.

आधी हा कोन येतो कुठून ते पाहू. लेझीम खेळणाऱ्यांची एक लांब रांग डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक जण शेजारच्यापेक्षा थोडा मागे आहे. ही पिछाडी बरोबर एका पूर्ण ठेक्याची असेल, तर सगळ्यांची पावलं एकदमच पडताना दिसतील. कोणी एक ठेका मागे, कोणी दोन, कोणी पन्नास. पण पाऊल जमिनीवर एकाच क्षणी. ग्रेटिंगच्या रेषांमधल्या फटींतून निघालेल्या प्रकाशलहरींचं तसंच आहे. सरळ समोर पाहिलं तर कोणी कोणाच्या मागे नाही. तो मधला, शून्य क्रमाचा पट्टा. जरा तिरकं पाहायला लागलो की प्रत्येक फटीच्या लहरीला शेजारच्या फटीपेक्षा थोडं जास्त अंतर चालावं लागतं. हे जास्तीचं अंतर म्हणजे फटींमधलं अंतर गुणिले त्या तिरकेपणाचं साइन. ते एका तरंगलांबीइतकं झालं की सगळ्या लहरींची पावलं जुळतात आणि तिथे तेजस्वी रेषा दिसते. तो पहिला क्रम. दोन तरंगलांब्यांइतकं झालं की दुसरा.

मग फटी दोनच का नकोत, पंधरा हजार कशाला? हा प्रश्न मुलं क्वचित विचारतात, पण सगळं मर्म त्यातच आहे. दोनच फटी असतील तर कोन किंचित हलला तरी पावलं जवळपास जुळलेलीच राहतात, म्हणून पट्टा रुंद आणि पसरट दिसतो. हजार फटी असल्या की कोन केसभर हलला तरी पहिल्या आणि पाचशेएकाव्या फटीच्या लहरी अर्ध्या ठेक्याने चुकतात आणि एकमेकींना पुसून टाकतात. दुसरी पाचशेदुसरीला, तिसरी पाचशेतिसरीला. कोन कुठे यावा हे फटींमधलं अंतर ठरवतं. रेषा किती बारीक दिसावी हे फटींची संख्या ठरवते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि परीक्षेच्या उत्तरांत त्यांची सरमिसळ सर्रास होते.

हा शोध कापडातून लागला, आणि खान्देशाला त्याचं अप्रूप असायला हवं. १७८५ च्या सुमारास अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात फ्रान्सिस हॉपकिन्सन या गृहस्थांनी रेशमी रुमाल डोळ्यांसमोर ताणून रस्त्यावरच्या दिव्याकडे पाहिलं. एका दिव्याचे अनेक दिवे दिसले, ओळीने मांडलेले. रुमाल सरकवला तरी ते जागचे हलेनात. त्यांनी हे डेव्हिड रिटनहाउस या खगोलज्ञाला विचारलं. रिटनहाउसने दोन बारीक आट्यांच्या स्क्रूंवर माणसाचे केस शेजारी शेजारी ताणून बसवले आणि त्यांतून प्रकाश पाहून कोन मोजले. जगातलं पहिलं मोजमापाचं ग्रेटिंग ते हेच.

जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल ही नावं आमच्या आधीच्या पिढीच्या घराघरांत होती. कापडाच्या एका इंचात किती धागे आहेत ते भिंगाखाली मोजणं हे गिरणीतलं रोजचं काम. ग्रेटिंगही इंचातल्या रेषांनीच मोजलं जातं. म्हणून मी वर्गात पहिला हिशेब कापडाचाच देतो. समजा ओढणीच्या बारीक कापडात इंचाला ८० धागे आहेत. म्हणजे दोन धाग्यांमधलं अंतर ०.३१७५ मिलिमीटर. पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.०००५८९३ मिलिमीटर. भागाकार केला की साइन येतं ०.००१८६, आणि कोन जेमतेम सहा मिनिटांचा, म्हणजे अंशाचा दहावा भाग. एवढा लहान कोन दिसेल का? दिवा ५० मीटर लांब असेल तर त्याच्या शेजारचा खोटा दिवा नऊ सेंटिमीटरवर दिसायला हवा. रात्री गच्चीवर जा, ओढणी एकेरी ताणून धरा, लांबच्या दिव्याकडे पाहा. दिसतो. उभ्या धाग्यांमुळे आडव्या ओळीत, आडव्या धाग्यांमुळे उभ्या ओळीत, असा फुलीसारखा आकार होतो. ज्याने हा आकडा आधी काढला आणि मग गच्चीवर जाऊन पाहिला, त्याला ग्रेटिंग पुन्हा समजावून सांगावं लागत नाही.

रिटनहाउसचं काम बरीच वर्षं कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. पुढे १८२१ मध्ये जर्मनीत योझेफ फ्राउनहोफरने २६० समांतर तारांचं ग्रेटिंग केलं, मग काचेवर हिऱ्याने रेषा ओढल्या, आणि सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषांच्या तरंगलांब्या मोजल्या. प्रिझम तोवर होतंच. पण प्रिझममधून मिळालेला कोन काचेच्या जातीवर अवलंबून असतो. त्या कोनातून थेट तरंगलांबी काढता येत नाही, ओळखीच्या रेषांशी ताडून पाहावी लागते. ग्रेटिंगला काचेच्या जातीशी देणंघेणं नाही. त्याला एक लांबी कळली पाहिजे आणि एक कोन कळला पाहिजे, बस. कोनावरून तरंगलांबीचा हिशेब सुरू झाला तो इथून.

पण त्या एका लांबीवर सगळं उभं आहे, हेही लगेच कळलं. स्वीडनमधल्या उप्सालाच्या अँडर्स अँगस्ट्रॉमने १८६८ मध्ये ग्रेटिंग वापरून सूर्याच्या वर्णपटाचा मोठा नकाशा प्रसिद्ध केला. त्याच्या नावाचं एकक आपण आजही जर्नलमध्ये लिहितो. त्याचे कोन उत्कृष्ट मोजलेले होते. मात्र ज्या मीटर-पट्टीवरून त्याने रेषांमधलं अंतर ठरवलं ती पट्टीच किंचित आखूड निघाली, आणि सगळ्या तरंगलांब्या सात-आठ हजारांत एका भागाने चुकल्या. हा किस्सा मी मुलांना मुद्दाम सांगतो. इंचाचं सेंटिमीटर करायला विसरलेला मुलगा आणि अँगस्ट्रॉम यांची चूक एकाच जागची आहे, फरक प्रमाणाचा. कोन कितीही नेमका मोजला तरी भरलेलं अंतर चुकीचं असेल तर उत्तर चुकणारच.

इंच आमच्या प्रयोगशाळेत टिकला त्यालाही इतिहास आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हेन्री रोलँडने १८८० च्या दशकात ग्रेटिंगवर रेषा ओढणारी यंत्रं उभी केली. पहिलं यंत्र इंचाला १४,४३८ रेषा ओढत असे. पुढे जगभर गेलेली ग्रेटिंग्ज इंचाच्याच हिशेबात राहिली, आणि त्यांच्या साच्यांवरून काढलेल्या स्वस्त प्रतिकृती आपल्या कॉलेजांच्या कपाटांत पोचल्या. जळगावचं मूळजी जेठा आणि अमळनेरचं प्रताप ही कॉलेजं १९४० च्या दशकातली. तेव्हा पदवी मुंबई विद्यापीठाची, मग पुणे विद्यापीठाची, आणि १५ ऑगस्ट १९९० पासून जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची, ज्याला २०१८ मध्ये आसोद्याच्या बहिणाबाईंचं नाव मिळालं. विद्यापीठं बदलली, अभ्यासक्रम बदलले, मेट्रिक पद्धत येऊन साठ वर्षं उलटली. ग्रेटिंगवरचा १५,००० चा आकडा मात्र इंचातच आहे.

आता प्रत्यक्ष कोन. १५,००० रेषांच्या ग्रेटिंगमध्ये दोन रेषांमधलं अंतर येतं १६,९३३ अँगस्ट्रॉम. सोडियमचा ५८९३ त्याने भागला की ०.३४८०. याचा कोन २० अंश २२ मिनिटं. तो पहिला क्रम. दुसऱ्या क्रमासाठी साइन दुप्पट, ०.६९६०, आणि कोन ४४ अंश ६ मिनिटं. लक्षात घ्या, साइन दुप्पट झालं, कोन दुपटीहून बराच जास्त झाला. पाऱ्याच्या दिव्याने हाच हिशेब केला तर जांभळी रेषा १३.८ अंशांवर, निळी १४.९ वर, हिरवी १८.८ वर आणि पिवळी जोडी वीस अंशांच्या आसपास येते. प्रिझममध्ये जांभळा रंग सर्वांत जास्त वळतो. इथे उलट, लाल सर्वांत जास्त. दोन्ही प्रयोग एकाच महिन्यात करणाऱ्या मुलांची इथे दर वेळी गडबड होते.

तिसऱ्या क्रमाचं काय? "सर, तिसरी लाईन दिखत नही," असं म्हणत एक मुलगा टेलिस्कोप पार ८० अंशांपर्यंत फिरवत बसला होता. त्याला वाटलं, आपलं लेव्हलिंग बिघडलं. मी त्याला साइन काढायला सांगितलं: १.०४४. कॅल्क्युलेटरने एरर दाखवली. एकापेक्षा मोठं साइन नसतंच. म्हणून सोडियमसाठी या ग्रेटिंगला तिसरा क्रमच नाही. पण पाऱ्याच्या निळ्या रेषेसाठी आहे: ०.७७२, म्हणजे साधारण साडेपन्नास अंश. रेषांमधल्या अंतराला तरंगलांबीने भागा. येणाऱ्या संख्येचा पूर्णांक भाग हाच शेवटचा क्रम. हा भागाकार प्रयोगाला बसण्याआधी केला असता तर त्या मुलाचा अर्धा तास वाचला असता.

कॅल्क्युलेटरचीही एक खोड सांगून ठेवतो. तो रेडियनवर राहिला असेल तर २०.३७ चं साइन ०.९९८७ दाखवतो आणि तरंगलांबी १६,९०० अँगस्ट्रॉमच्या आसपास येते. म्हणजे एकदा अतिनील, एकदा अवरक्त, आणि समोर दिवा पिवळाच.

या सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे कोन कुठून मोजायचा. सूत्रातला कोन ग्रेटिंगच्या लंबापासून मोजलेला असतो, आणि ते साधं सूत्र प्रकाश ग्रेटिंगवर सरळ, लंब दिशेने पडतो असं गृहीत धरतं. तो तिरपा पडत असेल तर आत येणाऱ्या कोनाचं साइनही हिशेबात घ्यावं लागतं. म्हणून प्रयोगाच्या सुरुवातीला ते कंटाळवाणं काम असतं: टेलिस्कोप ९० अंश फिरवायचा, ग्रेटिंग असं वळवायचं की स्लिटची परावर्तित प्रतिमा क्रॉसवायरवर येईल, मग टेबल नेमकं ४५ अंश फिरवायचं. बहुतेक जण हे अंदाजाने उरकतात. त्याने नेमकं काय बिघडतं?

समजा ग्रेटिंग ३ अंशांनी तिरपं राहिलं. मग सोडियमची रेषा एका बाजूला २०.६० अंश वळलेली दिसेल आणि दुसऱ्या बाजूला २०.२० अंश. एकाच बाजूचं रीडिंग घेऊन साधं सूत्र वापरलं तर एकीकडे ५९५८ अँगस्ट्रॉम येतील, दुसरीकडे ५८४६ च्या आसपास. दोन्ही चूक. पण दोन्ही बाजू वाचून मधल्या कोनाचा निम्मा घेतला तर कोन येतो २०.४० आणि तरंगलांबी ५९०२. तीन अंशांचा ढोबळ तिरपेपणा असूनही चूक नऊ अँगस्ट्रॉमवर आली. डाव्या आणि उजव्या बाजूची रीडिंग घेऊन त्यांचा फरक अर्धा करा, असं प्रॅक्टिकलच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पण का, ते लिहिलेलं नसतं. मुलं तो एक रिवाज समजून पाळतात. त्या अर्ध्या करण्याने तिरपेपणाची चूक दोन्ही बाजूंनी एकमेकींना जवळजवळ फेडते, हे एकदा आकड्यांत दाखवलं की रिवाजाला अर्थ येतो. आणि डाव्या-उजव्या रीडिंगमधला फरक अर्धा करायला विसरलेला मुलगा ४० अंश ४४ मिनिटांचं साइन घेऊन अकरा हजार अँगस्ट्रॉम लिहितो, तेही थांबतं.

सोडियमची पिवळी रेषा खरं तर जोडी आहे, ५८९० आणि ५८९६. पहिल्या क्रमात या दोघींमधलं कोनाचं अंतर फक्त १.३ मिनिटं, दुसऱ्यात ३.४ मिनिटं. व्हर्नियरचा लीस्ट काउंट एक मिनिट असेल तर पहिल्या क्रमात त्यांना वेगळं मोजण्यात अर्थ नाही. वीस किंवा तीस सेकंदांचा असेल तर दुसऱ्या क्रमात जरूर मोजावं. दिसण्यासाठी मात्र वेगळी अट आहे. जोडी फुटून दिसायला पहिल्या क्रमात साधारण ९९० रेषांवर प्रकाश पडला पाहिजे, दुसऱ्यात त्याच्या निम्म्या रेषा पुरतात. आपल्या ग्रेटिंगवर ९९० रेषा पावणेदोन मिलिमीटरांहून कमी जागेत मावतात. म्हणजे ग्रेटिंग पुरेसं आहे. जोडी दिसत नसेल तर स्लिट रुंद आहे किंवा फोकस बसलेला नाही. हा निष्कर्ष आकडा काढल्याशिवाय निघत नाही, आणि मुलं 'ग्रेटिंग जुनं झालं' म्हणून मोकळी होतात.

पाऱ्याचा दिवा वापरणाऱ्यांसाठी खान्देशातली एक अडचण नमूद करायलाच हवी. उन्हाळी प्रॅक्टिकलच्या दिवसांत वीज जाते. पाऱ्याचा दिवा एकदा विझला की निवल्याशिवाय पुन्हा पेटत नाही, आणि मार्च-एप्रिलमध्ये पडदे ओढलेल्या खोलीत तो निवायला वेळ घेतो. अर्धी रीडिंग आधीची, अर्धी नंतरची, मध्ये कोणी टेबलला धक्का लावलेला. म्हणून शून्य क्रमाचं रीडिंग वीज आल्यावर पुन्हा घ्यावं.

कॉलेजच्या भिंतीबाहेर ग्रेटिंग कुठे आहे, असा प्रश्न मला एकदा पालकसभेत आला. रावेर-यावलचा केळी पिकवणारा शेतकरी माती आणि पान तपासायला देतो, तेव्हा जस्त आणि लोह मोजणाऱ्या अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शन यंत्राच्या पोटात ग्रेटिंगच असतं. तिथे हिशेब उलटा होतो. आत येणारी आणि बाहेर जाणारी वाट पक्की, दोघींमधला कोन कायम. ग्रेटिंगच थोडं थोडं फिरतं. समजा मिलिमीटरला १२०० रेषांचं ग्रेटिंग आहे आणि दोन वाटांमध्ये २० अंशांचा कोन. मग जस्ताची २१३.९ नॅनोमीटरची रेषा बाहेर काढायला ग्रेटिंग साडेसात अंशांवर लागतं, लोहाच्या २४८.३ साठी ८.७ अंशांवर. जस्तावरून लोहावर जायला जेमतेम सव्वा अंश. सूत्र तेच, फक्त आत येणारा आणि बाहेर जाणारा असे दोन्ही कोन धरलेलं. तिरप्या प्रकाशाचं सूत्र परीक्षेला येत नाही म्हणून गाळणाऱ्यांनी हे पाहावं: खऱ्या यंत्रांत प्रकाश सरळ पडत नाही, तिरपाच पडतो.

जळगाव सोन्यासाठी प्रसिद्ध आहे, म्हणून आणखी एक उदाहरण. एम.एस्सी.ला गेलेली मुलं एक्स-रे विवर्तनाचे आलेख काढतात. तिथे ग्रेटिंगच्या रेषांची जागा अणूंचे थर घेतात. तांब्याच्या एक्स-रेची तरंगलांबी १.५४०६ अँगस्ट्रॉम, सोन्याच्या मुख्य थरांमधलं अंतर २.३५५ अँगस्ट्रॉम. हिशेब केला की कोन १९.१ अंश येतो आणि आलेखावर सोन्याचा उंच शेंडा ३८.२ वर दिसतो. कारण आलेखाच्या आडव्या अक्षावर कोनाची दुप्पट असते. शिवाय ग्रेटिंगचा कोन लंबापासून मोजतात आणि इथला कोन थराच्या पृष्ठभागापासून. ग्रेटिंगवर अर्धं करण्याचं कारण न समजता आलेला विद्यार्थी इथे येऊन दुसऱ्यांदा अडखळतो. पाया तिकडेच कच्चा राहिलेला असतो.

या सगळ्याच्या मुळाशी मला एक रचनेचा दोष दिसतो. आपण हा प्रयोग उत्तर माहीत असलेल्या टोकाकडून करतो. सोडियमची तरंगलांबी ५८९३ हे प्रत्येक मुलाला आधीच माहीत असतं. मग तो कोन मोजतो, आणि उत्तर ५८९३ च्या जवळ येईपर्यंत रीडिंग 'दुरुस्त' करतो. ही लबाडी मुलांच्या स्वभावातली नाही. प्रयोगच तसा मांडलेला आहे. ज्याचं उत्तर छापलेलं आहे ते मोजायला लावलं की हात आपोआप छापील आकड्याकडे सरकतो. प्रश्न फिरवला पाहिजे. तरंगलांबी माहीत आहे तर कोन आधी सांगायला लावा, कागदावर लिहून घ्या, मगच टेलिस्कोप त्या कोनावर नेऊ द्या. रेषा तिथे दिसली तर हिशेब बरोबर. नाही दिसली तर चूक अंतरात आहे, एककात आहे की तिरपेपणात, हे त्याने शोधायचं. आणि दुसऱ्या भागात अंतर अज्ञात ठेवा: ज्याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात नाही असा कापडाचा तुकडा द्या आणि इंचातले धागे प्रकाशाने मोजायला सांगा, मग भिंगाखाली मोजून ताडून पाहू द्या.

याला महागडं साहित्य लागत नाही. खान्देशात अहिराणी गाण्यांच्या आणि नाटकांच्या व्हीसीडींनी एक जमाना गाजवला. त्या अजून घरोघरी कपाटात पडून आहेत. सीडीवरच्या वळणांमधलं अंतर १.६ मायक्रॉन, डीव्हीडीवर ०.७४. लाल लेझरची तरंगलांबी ०.६५ मायक्रॉन धरा. सीडीसाठी पहिला क्रम २४ अंशांवर, दुसरा ५४ अंशांवर, तिसरा नाही. डीव्हीडीला एकच क्रम, ६१ अंशांवर. ब्ल्यू-रेवर वळणं ०.३२ मायक्रॉनवर आहेत, लेझरच्या तरंगलांबीहूनही जवळ; तिथे लाल ठिपका मिळणारच नाही. तीन चकत्या हाताशी असल्या की क्रम किती, कोन किती आणि ठिपका नाही तर का नाही, हा सगळा धडा घरच्या भिंतीवर होतो.

ज्यांच्या घरी बारावी किंवा बी.एस्सी.ला मूल आहे त्यांनी येत्या रविवारी एवढं करावं. सीडी भिंतीपासून बरोबर एक मीटरवर, भिंतीला समांतर उभी करा. कडेच्या आणि मधल्या भोकाच्या दरम्यान, भोकाच्या डावीकडे किंवा उजवीकडे एक जागा निवडा आणि लेझर भिंतीच्या बाजूने त्या जागेवर सरळ पडेल असा धरा. परतलेला ठिपका लेझरच्या तोंडाशीच यायला हवा. लेझर कोणाच्या डोळ्यांत जाऊ देऊ नका. पण तो लावण्याआधी मुलाला पहिल्या ठिपक्याची जागा काढायला सांगा आणि भिंतीवर, लेझरपासून दोन्ही बाजूंना ४४ सेंटिमीटरांवर, पेन्सिलीने खूण करू द्या. मग बटण दाबा.